खाऱ्या पाण्यासाठी नवी फ्लाय लाइन निवडताना

फ्लोरिडा किंवा बहामाजच्या उथळ, तापलेल्या पाण्यात बोनफिश पकडण्यासाठी जुनी फ्लाय लाइन, म्हणजे गळाची कृत्रिम माशी (फ्लाय) दूर फेकण्यासाठीची वजनदार दोरी, बदलायची असेल, तर प्रथम रॉडवर, म्हणजे गळकाठीवर, मुठीच्या जरा वर छापलेला क्रमांक पाहावा. तो बहुधा ८ असतो आणि लाइनही त्याच क्रमांकाची लागते, म्हणजे तिच्या पहिल्या ३० फुटांचे प्रमाणित वजन २१० ग्रेन, अर्थात साधारण साडेतेरा ग्रॅम असते. काही लाइन मुद्दाम त्याहून जड बनवलेल्या असतात, म्हणून वेष्टनावरचे ग्रेन वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खरी चूक मात्र लाइनच्या गाभ्याबाबत, म्हणजे आवरणाच्या आतल्या दोऱ्याबाबत होते. थंड पाण्यासाठीची मऊ लाइन त्या उन्हात लिबलिबीत आणि चिकट होऊन रॉडच्या कड्यांतून नीट सरकत नाही, तर उष्ण पाण्यासाठीची ताठ लाइन थंडीत वेटोळी धरून बसते. त्यामुळे एकाच लाइनवर दोन्हीकडे भागवण्याचा मोह, काटकसरी माणसाला तो होतोच, टाळलेला बरा. गुडघाभर पाण्यात तरंगणारी लाइन पुरते. जुनी लाइन उतरवलीच आहे, तर तिच्याखालचे बॅकिंग, म्हणजे रिळावर आधी गुंडाळलेला बारीक दोरा, तोही तपासावा, कारण गळाला लागलेला बोनफिश एका धावेत संपूर्ण लाइन ओढून नेऊ शकतो आणि मग सगळा भार त्या बॅकिंगवर येतो.