पंधरा वर्षांच्या गाडीचं रिपासिंग: घरी काम काढण्याआधी या चुका टाळा

आमच्या जुन्या गाडीचं रिपासिंग, म्हणजे नोंदणी वाढवून घेण्यासाठीची आरटीओची तपासणी, आलं तेव्हा पहिल्या रविवारी मी काय केलं, तर बोनेटला पॉलिश मारलं. चांगलं दोन तास घासलं. निरीक्षकाने त्या बोनेटला हात लावला तो फक्त उघडण्यासाठी. त्याला हवा होता आतला चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला क्रमांक, आणि तो पंधरा पावसाळ्यांच्या गंजाखाली गेला होता. गाडी चकाचक, पण नंबर वाचता येत नाही! त्या दिवशी हात हलवत परत आलो.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, ही समजूत आपल्याकडे दिल्लीच्या बातम्यांमधून आली. राष्ट्रीय हरित लवादाचे २०१४-१५ मधले ते आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागापुरते होते. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. अर्ज फॉर्म २५ चा, आणि मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा. एप्रिल २०२२ पासून मोटारीचं शुल्क ५,००० रुपये आहे, वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये चढत जातात, म्हणून घरची कामं शेवटच्या आठवड्यात काढू नका. जुन्या गाडीत एक नट सोडवायला गेलं की दुसरे तीन तुटतात.

दिवा लागत नाही, म्हणजे बल्बच गेला असं नाही

गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा. तुम्ही आत बसून एकेक दिवा लावा: पार्किंग, डिपर, अपर, चारही इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स. ब्रेक दाबल्यावर बाजूचा इंडिकेटरही मंद उजळतो का? किंवा इंडिकेटर दिला की टेललाइट लुकलुकतो का? मग बल्ब बदलून काही होणार नाही. हा अर्थिंगचा रोग आहे. करंटला पत्र्यातून परतायची वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. टेललाइटची काळी वायर बॉडीला जिथे स्क्रूने बसवलेली असते, तो स्क्रू काढा, पत्रा सँडपेपरने चमकेपर्यंत घासा, परत घट्ट बसवा. दहा मिनिटांचं काम.

एका बाजूचा इंडिकेटर घाईघाईने टिकटिकत असेल तर लोक फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) बदलतात. आधी त्या बाजूचे बल्ब बघा, बहुतेक एखादा उडालेला असतो. ब्रेक आणि टेल एकत्र असलेल्या बल्बला दोन फिलामेंट असतात आणि त्याच्या पिना वर-खाली असतात, समोरासमोर नसतात. तो उलटा कोंबला की ब्रेकचा उजेड मंद आणि पार्किंगचा प्रखर, असा उलटा कारभार होतो.

आणि हेडलाइट अंधूक वाटतो म्हणून १०० वॉटचा बल्ब लावू नका. ६०/५५ वॉटसाठी केलेलं होल्डर आणि वायरिंग त्याने वितळतं. काच पिवळी पडली असेल तर ती घासून स्वच्छ करा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

हँडब्रेकची केबल आवळणं

सगळ्यात जास्त चूक इथे होते, आणि ती मीही केली आहे. हँडब्रेक वरपर्यंत येतो, पण गाडी धरत नाही. म्हणून आपण लिव्हरजवळचा नट आवळतो. लिव्हर चार कटकटींत घट्ट होतो आणि आपण खूश. पण मागच्या चाकाच्या ड्रममध्ये ब्रेकचे कमानीसारखे शू असतात; त्यांच्यावरचं अस्तर, म्हणजे लायनर, झिजलेलं असतं किंवा शूमधलं अंतर जुळवणारा ॲडजस्टर गंजून अडकलेला असतो. केबल ओढून तुम्ही शू कायमचे ड्रमला टेकवून ठेवलेत. चार किलोमीटर चालवून चाकाजवळ हात न्या, धग लागेल.

क्रम उलटा ठेवा. आधी केबल सैल करा. मग ड्रम काढून शू बघा, ॲडजस्टर मोकळा करा, ड्रम हाताने किंचित घासत फिरेल इतपत शू बाहेर आणा. केबलची पाळी सगळ्यात शेवटी. ड्रमच्या आत चाकाच्या सिलिंडरजवळ ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळतंय. मग घरचं काम तिथेच थांबवा आणि गॅरेजला जा. ब्रेकच्या बाबतीत मी एवढाच हट्टी आहे.

ड्रममधली काळी भुकटी फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेकच्या रबरांना इंजिन ऑइल किंवा पेट्रोल लावू नका, ती फुगतात. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. स्टँड नसेल तर शिरूच नका.

पीयूसी: थंड गाडी, जुना फिल्टर

घरापासून दोनशे मीटरवर पीयूसी (धुराच्या प्रदूषणाची तपासणी) सेंटर आहे म्हणून सकाळी गाडी काढून थेट तिथे जाणं, ही चूक. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. पंधरा-वीस किलोमीटर चालवून मगच जा आणि रांगेत इंजिन फार वेळ बंद ठेवू नका.

मर्यादा गाडी कोणत्या बीएसची (भारत स्टेज, म्हणजे प्रदूषणाच्या मानकाची) आहे त्यावर ठरते. बीएस-३ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमपर्यंत चालतं, बीएस-४ ला ०.३ आणि २००. एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे आणि सोलापूरला बीएस-४ आधी आलं, बाकी महाराष्ट्रात नंतर. त्यामुळे एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांना वेगळी मर्यादा असू शकते. आरसी बुक बघून घ्या.

हायड्रोकार्बन चढलेलं असेल तर इंधन नीट जळत नाही: प्लग आणि प्लगच्या वायरी बघा. कार्बन मोनॉक्साइड चढलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय: एअर फिल्टर, मग ऑक्सिजन सेन्सर. कोणत्याही बाटलीतलं औषध टाकीत ओतण्याआधी ही यादी संपवा. आदल्या रात्री बॅटरीची वायर काढू नका, बऱ्याच गाड्यांचा संगणक शिकलेलं विसरतो आणि आयडलिंग बिघडतं.

गंज लपवणं

गंजावर पुटी, पुटीवर रंग. आत पाणी तसंच अडकतं आणि पत्रा आतून खात राहतं. कोकणातल्या गाड्यांची तळपट्टी बहुधा अशीच जाते. दाराच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात, ती तारेने मोकळी करा. चटई उचलून खालचा पत्रा बघा.

चेसिस नंबरला ग्राइंडर किंवा खरखरीत सँडपेपर अजिबात लावू नका, नंबरच उडेल. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने साफ करा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घेऊन पाहा, मग ग्रीसचा पातळ थर द्या. वाचताच येत नसेल तर आरटीओच्या परवानगीने तो पुन्हा उमटवून घेता येतो. स्वतः पंच मारलात तर गुन्हा आहे.

बाकी किरकोळ, पण अडकवणारं

काचांवरची काळी फिल्म काढा, कर्कश हॉर्न असेल तर बदला. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली नको. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवलेली असू द्या. रंग बदलला असेल किंवा सीएनजी किट लावलं असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बँकेचं नाव आरसीवरून काढायचं राहिलेलं असतं, तेही बघा.

दुसऱ्या खेपेला मी डिकीत स्क्रू पाना, दोन बल्ब आणि चार फ्यूज घेऊन गेलो. त्यांची गरज पडली नाही. पण स्टेपनी मात्र मागच्या दिवाळीपासून बसलेली निघाली.