खात्री नसताना ठराव कसा करावा: बडोद्यातल्या एका सोसायटीच्या वहीतून

बँकेच्या कर्ज विभागात मी ३१ वर्षं काढली. एवढ्या वर्षांत एकही कर्ज असं नव्हतं की जे फिटणारच अशी माझी खात्री होती. तरी रोज सह्या करत होते. निवृत्त झाल्यावर बडोद्याच्या अकोटा भागाजवळच्या आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीने मला सेक्रेटरी केलं आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर तोच जुना प्रश्न टेबलावर येऊन बसला. हवामान बदलतंय म्हणतात, पण आपल्याकडे नक्की काय होणार ते कोणी छातीठोक सांगत नाही. मग आत्ता पैसे घालायचे की थांबायचं? आम्ही ते कसं ठरवलं ते लिहिते. तुमच्या सोसायटीत विषय निघालाच तर उपयोगी पडेल.

आधी माझी चूक. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात चोवीस तासांत २० इंचांच्या आसपास पाऊस झाला. तेव्हाच मीटर बोर्ड आणि पाण्याचा पंप वर उचलायची गोष्ट निघाली होती. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "बेन, एवुं तो सो वरसे एक वार थाय." म्हणजे, असं शंभर वर्षांतून एकदाच होतं. मीही मान डोलावली. पाचच वर्षांनी, जन्माष्टमीला आभाळ फाटलं. पाऊस ओसरल्यावरही नदीच्या वरच्या भागातलं पाणी येतच राहिलं आणि २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलेली विश्वामित्री नदी ३५ च्याही वर गेली. अकोट्यात पत्र्याच्या छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो तुम्ही पाहिला असेल. आमच्याकडे मगर आली नाही, पण मीटर बोर्ड पाण्याखाली गेला, पंपाची मोटर जळली, लिफ्टचा खड्डा भरला. चार दिवस वीज नव्हती. गणपती तोंडावर आलेले, आणि मी तळमजल्यावरच्या वहिनींबरोबर चौरंग गाळातून काढून धूत होते.

म्हणून सगळ्यात आधी 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांचा हिशेब समजून घ्या. त्याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच. यंदा येऊन गेला म्हणून पुढची ९९ वर्षं सुट्टी मिळत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता चारात एक पडते. कर्जदार बुडण्याची शक्यता चारात एक असती तर मी फाइल परत पाठवली असती. आणि हा हिशेब हवामान जुनंच आहे असं धरून केलेला आहे.

मग मीटिंगच्या अजेंड्यावर 'हवामानबदल' हा शब्द लिहू नका. लिहिलात की अर्धे लोक पेपरात वाचलेलं सांगतात, उरलेले चहा कधी येतो ते बघतात. एक काम, एक चिठ्ठी. आमच्या चार चिठ्ठ्या झाल्या: मीटर बोर्ड आणि पंप वर नेणं, गच्चीवर १० किलोवॅटचं सोलर, आवारात पाणी मुरवण्यासाठी खंभाती कुवा, आणि आवारभर पेव्हर ब्लॉक बसवायचा जुना मंजूर ठराव.

प्रत्येक चिठ्ठीमागे काय पक्कं आणि काय कच्चं ते वेगळं करा. इथे घाई करू नका, कारण लोक नेमकी हीच सरमिसळ करतात. पक्कं असं: १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला लागले तेव्हा तो दहा लाखांत ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर आहे. सोडलेल्या वायूचा मोठा भाग शतकानुशतकं हवेत राहतो. हवा एक अंश तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून कोसळते तेव्हा जोरात कोसळते. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात ०.७ अंशाच्या आसपास वाढलं. कच्चं असं: पुढचा मोठा पाऊस बडोद्यावर पडेल की भरुचवर, कोणत्या साली, किती इंच. शिवाय २०२४ च्या पुरात हवामानाचा वाटा किती आणि विश्वामित्रीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, बुजवून बांधकामं केल्याचा किती, तेही कच्चंच. आमच्याकडे यावर पाऊण तास भांडण झालं. शेवटी मी म्हटलं, कोणाच्या पापाचा का असेना, बोर्डात पाणीच शिरणार ना?

"अजून शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, थोडं थांबू," असं कोणीतरी म्हणणारच. त्यांना एक जुना आकडा सांगा. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचा अंदाज अमेरिकेतल्या एका समितीने १९७९ मध्ये दिला होता: दीड ते साडेचार अंश. २०२१ मध्ये आयपीसीसीने, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, तोच अंदाज अडीच ते चार असा दिला. बेचाळीस वर्षं थांबून काय मिळालं ते बघा. वरचं टोक अर्ध्या अंशाने खाली आलं, खालचं टोक मात्र एका अंशाने वर गेलं. स्वस्तात सुटायची जी आशा होती तीच जास्त कापली गेली. लोक अनिश्चितता म्हणतात तेव्हा मनात 'कदाचित काही होणार नाही' एवढंच धरतात. 'कदाचित जास्त होईल' हेही त्याच शब्दात असतं. आणि 'थांबू' हाही ठरावच आहे. मिनिट्स बुकात लिहिला जात नाही म्हणून कोणाची सही लागत नाही, इतकंच.

आता बँकेतले तीन प्रश्न. भीती खोटी ठरली तर किती बुडेल? खरी ठरली आणि आपण काही केलं नसलं तर किती? आणि कोणती चूक नंतर दुरुस्त करता येते?

मीटर बोर्ड: खर्च १ लाख ६० हजार, म्हणजे घरटी साडेसहा हजारांच्या आसपास. पूर आलाच नाही तर तेवढे गेले. आला तर मोटर, बोर्ड, लिफ्ट, आणि पाचव्या मजल्यावर ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या आजी. त्यांना गेल्या वेळी ट्रॅक्टरमधून न्यावं लागलं होतं. यावर पाच मिनिटंही लागली नाहीत.

सोलरची चिठ्ठी मजेची. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा. १० किलोवॅटचे वर्षाला १४ हजारांच्या पुढे. सात रुपये युनिट धरलं तर जवळजवळ लाख रुपये. आम्हाला आलेलं कोटेशन साडेपाच लाखांचं. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार, म्हणजे १ लाख ८० हजार अनुदान. उरलेले चारएक वर्षांत वसूल. हवामानबदल ही निव्वळ अफवा निघाली तरी लिफ्टचं बिल वाचतंच. अशी चिठ्ठी हाती लागली तर तिच्यावर वाद घालत बसू नका.

तरी एका तरुणाने विचारलंच, "मावशी, आपल्या दहा किलोवॅटने पृथ्वीला काय फरक पडणार?" खोटं बोलू नका. वाचलेल्या कोळशाचा हिशेब केला तर आपला वर्षाला १० टन कार्बन डायऑक्साइड वाचतो, आणि इंधन जाळून जग वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन सोडतं. आपला हिस्सा दिसणारही नाही. पण मी बँकेत बुडीत कर्जं पाहिली आहेत. बँक एका मोठ्या कर्जाने हलते, तशी हजार किरकोळ थकबाक्यांनीही हलते, आणि त्यातला प्रत्येक जण "माझ्या पंधरा हजारांनी काय होतंय" असंच म्हणत असतो. त्याला ते पटलं की नाही कोण जाणे. वर्गणी दिली.

पेव्हर ब्लॉकचा ठराव रद्द केला. उरलेली माती झाकली नाही तर निदान थोडं पाणी तिथे मुरेल, आणि न केलेल्या कामाला खर्च नसतो. (कंत्राटदार मात्र अजून फोन करतो.)

खंभाती कुव्यावर आम्ही थांबलो, आणि तेही शिकण्यासारखं आहे. थांबावं कधी? थांबल्याने काही कळणार असेल आणि दरम्यान काही बिघडणार नसेल तेव्हा. विटांची जाळीदार बांधणी असलेली ही विहीर पावसाचं पाणी खालच्या थरात सोडते. पण आमची वरची माती चिकण, नदी जवळ, आणि पावसाळ्यात भूजल वर येतं. विहीर मुरवण्याऐवजी तुंबून बसली तर दोन लाख खरोखरच पाण्यात. हवेत सोडलेल्या वायूचं असं नाही, तो परत घेता येत नाही. म्हणून तिथे थांबणं महाग पडतं. खड्डा एक वर्ष उशिरा खणला तर काही अडत नाही.

ठराव लिहिताना पुढे फेरविचाराची तारीख घाला, आणि काय दिसलं तर मत बदलायचं तेही आत्ताच लिहून ठेवा. आम्ही लिहिलं: पावसाळा संपल्यावर आवाराच्या तीन कोपऱ्यांत फूटभर खड्डे खणायचे, आदल्या दिवशी भरपूर भिजवायचे, दुसऱ्या दिवशी काठोकाठ भरून तासाला किती इंच उतरतं ते पट्टीने मोजायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पट्टी आपल्याकडे ठेवून घेतली आहे. आकडा कोणी फुगवू नये म्हणून, असं म्हणाले.