कप्प्याचा टीपॉय घरी करताय? या चुका टाळा

मे महिन्यात केलेल्या आमच्या टीपॉयचं झाकण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अडकलं. आत आईच्या औषधांची पिशवी होती आणि ती दोन्ही हातांनी झाकण ओढत होती. ते चौकटीत असं रुतलं होतं की शेवटी फटीत लोखंडी पट्टी घालून उचकटावं लागलं, त्यात कडेचा टवका निघाला. शेजारच्या इमारतीत काम चाललं होतं, तिथल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, झाकण उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "दादा, माप बरोबर आहे. पण कोरड्यात मोजलंत आणि फट ठेवली नाहीत. आणि खालून पॉलिश का नाही मारलं?"

साध्या टीपॉयला चार पाय आणि वर फळी. तीन-चार मिमी इकडेतिकडे झालं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. कप्पा ठेवला की झाकण येतं, बिजागऱ्या येतात, खण येतो. जिथे काही उघडतं-मिटतं, तिथे एक मिमीसुद्धा लपत नाही. घरी केलेले टीपॉय बहुतेक वेळा याच जागी बिघडतात.

पावसाळा न धरता मापं घेणं

पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा पार कोरडी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीसुद्धा ओलसर लागतात. लाकूड ही ओल शोषतं आणि फुगतं, पण फुगतं ते लाकडातल्या रेषांच्या आडव्या दिशेने. लांबी जवळजवळ तेवढीच राहते, रुंदी वाढते. दोन फूट रुंद पाईनचा पाट उन्हाळा ते पावसाळा पाच-सात मिमी सहज वाढतो. सागवान याहून कमी हलतं, पण हलतंच.

त्यामुळे सलग लाकडाचं झाकण चौकटीच्या आत बसवायचा मोह आवरा. पेटीच्या वर टेकणारं, चारी बाजूंनी अर्धा-पाऊण इंच बाहेर येणारं झाकण करा. ते फुगलं तरी अडकायला जागाच नसते. आत बसणारंच हवं असेल तर उन्हाळ्यात करताना रुंदीत निदान सहा-सात मिमी मोकळी ठेवा. वरचा पाट कायमचा बसवणार असाल, तर खालच्या चौकटीला फेव्हिकॉलने चिकटवून टाकू नका. चौकटीत स्क्रूसाठी लांबट भोकं पाडा, म्हणजे पाटाला सरकता येईल. घट्ट बांधलेला पाट मार्चच्या आसपास मधोमध तडकतो आणि ती चीर लांबीने (पुटीने) भरली तरी पुन्हा उघडते.

आणखी एक, लाकूड आणल्या दिवशी कापू नका. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या फळ्या ज्या खोलीत टीपॉय राहणार आहे तिथे, मध्ये पट्ट्या घालून, दोन आठवडे पडू द्या. वाकायची असेल ती फळी याच दिवसांत वाकते आणि मग ती पायांसाठी कापून वापरता येते. जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर आनंदाने घ्या. वर्षानुवर्षं मुरलेलं ते लाकूड फार शांत असतं. करवत लावण्याआधी मात्र प्रत्येक तुकड्यावरून लोहचुंबक फिरवा. आत तुटलेला खिळा असेल तर पातं जाईलच, वर डोळ्याला इजा व्हायची भीती. गॉगल घालाच.

माझं मत विचाराल तर पेटी आणि झाकण प्लायचं, पाय आणि कडेच्या पट्ट्या सागवानी. प्लायमध्ये एकाआड एक थरांच्या रेषा आडव्या-उभ्या असल्याने तो फुगण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही.

सनमायका एकाच बाजूला

प्लायचं झाकण फुगलं नाही तरी वाकतं, आणि याचं कारण बहुतेकदा आपणच असतो. वरून देखणा सनमायका लावला, आतली बाजू कोरी ठेवली. वरची बाजू बंद, खालची हवेतली ओल घेते आणि सोडते. काही महिन्यांत झाकणाचे कोपरे उचलतात. दाबलं की 'टक' असा आवाज येतो, सोडलं की पुन्हा वर. आतून स्वस्तातला लायनर सनमायका त्याच दिवशी लावा. पॉलिशलाही हाच नियम: वर जितके हात, तितकेच खाली. झाकण आधीच वाकलं असेल आणि बाक दोन मिमीच्या आत असेल, तर आतून दोन सागवानी पट्ट्या आडव्या मारून ते बऱ्यापैकी सरळ होतं. बाक त्याहून जास्त असेल तर नवीन झाकण करा. बाकलेल्या झाकणाला बिजागऱ्या बदलून काही होत नाही.

कापायची यादी आणि पात्याची जाडी

दुकानातच मशीनवर कापून घेणं शहाणपणाचं, पण यादी नीट हवी. प्लाय २४४० मिमी लांब, म्हणून ६१० चे चार तुकडे निघतील असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात पातं दर कापाला साधारण तीन मिमी भुसा करतं. तीन काप म्हणजे नऊ मिमी गेले आणि शेवटचा तुकडा आखूड. १८ मिमीचा प्लायही बऱ्याचदा सतरा-साडेसतराच भरतो. त्यामुळे आधी प्लाय आणा, जाडी मोजा, मग आतली मापं काढा.

उंची सोफ्याच्या बैठकीएवढी किंवा इंच-दोन इंच कमी, म्हणजे साधारण १६ ते १८ इंच. सोफ्यापासून १४ ते १८ इंचांवर टीपॉय ठेवला की गुडघे लागत नाहीत आणि कपापर्यंत हातही पोचतो.

खाली मात्र पुरतं लक्ष द्या, कारण आपल्याकडे फरशी रोज पुसली जाते. पेटी थेट फरशीवर टेकवली तर प्लायची उघडी कड दररोज पाणी पिते. वर्षभरात थर सुटतात आणि खालची कड पावाच्या तुकड्यासारखी फुगते. पाय चार-पाच इंच उंच ठेवा म्हणजे झाडू आणि पोछा दोन्ही आत जातात. पायांखाली नायलॉनचे बूश ठोका आणि खालच्या कडांना आधी दोन हात सीलर मारा. प्लाय घेताना बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणाऱ्या प्रतीचा मागा. आयएस ७१० चा मरीन प्लाय इथे लागत नाही, तो खर्च चांगल्या चॅनेलवर, म्हणजे खण ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांवर करा.

खण अडकतो, तेव्हा

चौकट काटकोनात आहे का हे गुण्या लावून एका कोपऱ्यात कळतं, सगळ्या पेटीचं कळत नाही. फेव्हिकॉल ओला असतानाच दोन्ही कर्ण मोजा. फरक आला तर लांब कर्णाच्या दिशेने शिकंजा (क्लॅम्प) आवळून पेटी सरळ करा. सुकल्यावर काही करता येत नाही.

टेलिस्कोपिक चॅनेल एका बाजूला साडेबारा मिमीच्या थोडा वर, म्हणजे अर्धा इंच जागा घेतं. म्हणून खणाची बाहेरची रुंदी आतल्या जागेपेक्षा २६ मिमी कमी ठेवा. एक मिमी जास्त सुटली तर चॅनेलमागे पातळ पत्रा किंवा सनमायकाचा तुकडा घालता येतो. एक मिमी कमी पडली तर खण रंधायलाच लागतो. खण शेवटच्या इंचावर अडत असेल तर लगेच मोडतोड नको. चॅनेलमधल्या उभ्या-आडव्या लांबट भोकांतले स्क्रू ढिले करा, खण पूर्ण आत ढकला, हळूच बाहेर काढा, मग आवळा. बहुतेक खण एवढ्याने सुटतात. गोल भोकांतले स्क्रू हे सगळं जमल्यावरच मारायचे.

स्क्रू आणि झाकणाचं वजन

सागवानात थेट स्क्रू मारला तर एक तर लाकूड चिरतं, नाही तर स्क्रूची मान तुटते. चार मिमीच्या स्क्रूला तीन मिमीचं भोक आधी पाडा आणि स्क्रूवर साबण फिरवा. पितळी स्क्रू वापरायचा असेल तर त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा आत-बाहेर करून वाट करून घ्या. प्लायच्या कडेत स्क्रू थरांना फाकवतो, तिथे भोक पाडताना शिकंजा लावून कड दाबून धरा.

४२ बाय २२ इंचाचं १८ मिमी प्लायचं झाकण सनमायक्यासकट सात-आठ किलोच्या आसपास भरतं. घरात लहान मूल असेल तर हा आकडा लक्षात ठेवा. नुसत्या बिजागऱ्यांवर हे झाकण कोसळलं तर बोटं चिरडतात. दुकानात ज्याला हायड्रॉलिक पंप म्हणतात (आत खरं तर दाबलेला नायट्रोजन असतो) तो दोन्ही बाजूंना लावा. झाकणाचं वजन आणि रुंदी सांगूनच घ्या. फार जोराचा पंप झाकण बंदच राहू देत नाही आणि बिजागऱ्यांचे स्क्रू उपसून काढतो. जिथे पंपाचं टोक बसतं तिथे आतून लाकडाचा ठोकळा चिकटवा, एकट्या प्लायवर तो भार टाकू नका. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत पंप हातात घेऊन दाबून पाहता येतो, निवड तिथेच करा.

पॉलिश

सांध्यातून बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या फडक्याने तेव्हाच पुसा. सुकलेला डाग दिसत नाही, पण पॉलिश लावल्यावर तिथे फिकट चट्टा उठतो आणि मग तो खरवडून काढावा लागतो. पॉलिशपेपर ८०, १२०, १८०, २२० असा, रेषेच्या दिशेने.

चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश सागवानावर फार सुंदर दिसतं, पण गरम चहाच्या कपाने त्यावर पांढरं वर्तुळ उमटतं, आणि टीपॉयवर चहा तर येणारच. म्हणून वरच्या पाटाला पीयू (पॉलियुरेथेन), पायांना हवं तर चपडा. पाऊस कोसळत असताना स्पिरिटचं पॉलिश मारू नका. स्पिरिट उडताना हवेतली ओल पृष्ठभागावर धरते आणि दुधासारखी साय येते. ती आलीच तर घाबरून सगळं घासू नका. उघडीप मिळेपर्यंत थांबा, मऊ कापडाचा बोळा स्पिरिटमध्ये जेमतेम ओला करून न थांबता अलगद फिरवा. साय बऱ्याचदा एवढ्याने जाते. पुढचा हात दुसऱ्या दिवशी दुपारी, खिडक्या उघडून.