मेशच्या वॉर्निंग : या चुका टाळा

फायनाइट एलिमेंट विश्लेषणात, म्हणजे एखादा भाग भार झेलेल का हे संगणकावर तपासताना, त्या भागाचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडतात; त्यांची जाळी म्हणजे मेश. मेश झाला की मेसेज विंडोत पिवळी ओळ झळकते: इतक्या एलिमेंटची क्वालिटी मर्यादेबाहेर. मग तो आकडा शून्यावर आणायची धडपड सुरू होते. तिथेच गडबड होते. आधी जागा पाहा. ते एलिमेंट निवडून मॉडेलवर रंगवा. भारापासून दूर, जाड ठोकळ्याच्या पोटात दहा-बारा वेडेवाकडे असतील तर खुशाल सोडा. फिलेटवर, म्हणजे कोपऱ्याच्या गोलाईवर, एकच असला तरी सोडू नका.

एलिमेंट साइझ सरसकट निम्मी करणं हा आवडता उपाय. त्रिमितीत त्याने एलिमेंट साधारण ८ पट होतात आणि वॉर्निंग बहुधा जागच्या जागी राहते. मूळ बहुतेकदा सीएडीत, म्हणजे भागाच्या संगणकावरच्या आराखड्यात असतं: केसाएवढी अरुंद फेस (पृष्ठभाग), चुकून राहिलेली इवलीशी एज (कड). मेशरला (मेश बनवणाऱ्या प्रोग्रॅमला) तिथे नोड, म्हणजे एलिमेंट जोडणारे बिंदू, टाकावेच लागतात, मग स्क्यूनेस (एलिमेंटच्या वेडेवाकडेपणाचं माप; १ म्हणजे सर्वांत वाईट) १ कडे सरकते. फेस एकत्र करा, ती एज काढा.

निगेटिव्ह जेकोबियन (एलिमेंटच्या आकाराचं एक माप उणे होणं) मात्र गंभीर. एलिमेंट स्वतःवरच उलटलेला असतो, सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्रॅम) पुढे जात नाही. क्वाड्रॅटिक टेटमध्ये, म्हणजे कडांच्या मध्यावरही नोड असलेल्या चार फेसच्या एलिमेंटमध्ये, हे मधले (मिड-साइड) नोड वक्र पृष्ठभागावर ओढले जातात आणि मोठ्या एलिमेंटची कड आत घुसते. वक्रावर तेवढाच मेश बारीक करा. काही जण लिनियर टेट (फक्त कोपऱ्यांवर नोड असलेले) लावून सुटका करून घेतात. वॉर्निंग जाते खरी, पण हे एलिमेंट वाकताना अवाजवी ताठ वागतात. डिफ्लेक्शन (वाक) आणि स्ट्रेस (ताण) कमी दिसतात. मला हा सौदा कधीच पटलेला नाही.

आस्पेक्ट रेशोचा (एलिमेंटच्या लांब आणि आखूड बाजूंच्या प्रमाणाचा) इतका बाऊ नको. स्ट्रेस ज्या दिशेला फारसा बदलत नाही, त्या दिशेला लांबट एलिमेंट चालतो. एक्सप्लिसिट विश्लेषणात (धडकेसारखी घटना वेळेच्या बारीक टप्प्यांनी सोडवताना) मात्र अगदी छोटी कड महागात पडते: टाइम स्टेप सर्वांत लहान एलिमेंटवर ठरते.

सुरुवातीचा मेश स्वच्छ असूनही सॉल्व्हर मध्येच 'एलिमेंट फार विकृत झाला' म्हणून थांबला, तर मेशकडे धावू नका. लोड स्टेप (भार वाढवण्याचा एक टप्पा) मोठी आहे का, एखादा भाग बांधायचा राहिलाय का, मॉड्युलस (पदार्थाच्या ताठपणाचा आकडा) पास्कलमध्ये हवा तिथे मेगापास्कलमध्ये गेलाय का, हे आधी तपासा.

आणि एकही वॉर्निंग नसलेला मेश? आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यात सुबक घनाकृती एलिमेंट लावले, तरी लिनियर-इलॅस्टिक मॉडेलमध्ये (स्ट्रेस कितीही वाढला तरी पदार्थ त्याच प्रमाणात ताणतो असं धरणाऱ्या) मेश बारीक कराल तसा तिथला स्ट्रेस वाढतच जातो. क्वालिटी तपासणी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. प्रत्यक्ष भागावर फिलेट असेल तर तो मॉडेलमध्ये घ्या, आणि दोन-तीन मेशवर उत्तर स्थिरावतंय का ते पाहा.