जुन्या मॅसीला दुसऱ्याचा मोगडा बसवताना

वडिलांच्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरसाठी गेल्या आश्विनात जुना नऊ फाळी मोगडा (माती मोकळी करायचं अवजार, कल्टिव्हेटर) घेतला. तो होता मोठ्या ट्रॅक्टरचा, हे घरी आणल्यावर कळलं. ट्रॅक्टरमागे अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या दोन हातांच्या टोकाला जे बॉल असतात, त्यांची भोकं २२ मिमी, मोगड्याच्या पिना २८ मिमीच्या. म्हणजे जोडणीच्या मापांच्या वर्गवारीत ट्रॅक्टर कॅटेगरी १ चा, अवजार कॅटेगरी २ चं.

वेल्डर म्हणाला, बॉलची भोकं मोठी करू. मी नाही म्हणालो. बॉलची भिंत पातळ झाली की ऐन पेरणीत तडकणार, आणि मग आपली बाकीची अवजारंही ढिली बसणार. बदल नेहमी अवजारात करावा, ट्रॅक्टरमध्ये नाही.

लेथवर पायरीच्या पिना करून घेतल्या: फ्रेममध्ये २८, बाहेर २२. पण खरी अडचण रुंदीची होती. कॅटेगरी २ मध्ये पिनांमधलं अंतर ८२५ मिमी, आपल्याकडे ६८३. लिफ्टचे हात तेवढे फाकवले तर टायरला घासतात. म्हणून मोगड्याचे पिन-कान (पिना बसतात त्या पट्ट्या) कापून, मध्यापासून दोन्हीकडे सारखं मोजून आत वेल्ड केले.

वरच्या मधल्या दांड्याच्या, म्हणजे टॉप लिंकच्या, पिनेला मात्र बुश (भोकात बसणारी नळी) घट्टच हवा, बाहेरून २५, आतून १९ मिमी. या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक टॉप लिंकवरच्या दाबावरून खोली सांभाळते. मी आधी नुसती १९ ची पिन घातली होती, तर लिफ्ट सारखी हिसके देत होती.

शेतात पहिल्या तासाला, म्हणजे पहिल्या ओळीला, पुढचे फाळ खोल गेले, मागचे वर तरंगले. टॉप लिंक तीन आटे लांब केली, हातांच्या बाजूच्या साखळ्या आवळल्या. मग मोगडा सपाट चालला.