आई गेल्यावर माहेरी कसं जावं

माझं सासर गोव्यात फोंड्याला, माहेर पेडण्यात. लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीनच दिवसांचं, असं आमच्याकडे मानतात आणि लोकही त्याच हिशेबाने वागतात. बारावं झालं की डबे, मुलांची शाळा, नोकरी, सगळं पूर्ववत. रडायला माहेरी जावं तर तिथे ती नाही. वडील आणि भाऊ-वहिनी ज्या घरात आहेत त्या घरी पुन्हा जायचंय, अशांसाठी हे लिहितेय.

पहिली खेप लवकर करा, सणाची वाट बघू नका. एकट्याच जा. मुलं बरोबर असली की त्यांचं खाणंपिणं बघण्यात दिवस जातो. मी बसनेच जाते. म्हापसा सोडून कोलवाळचा पूल आला की मला रडू येतं. येऊ द्यावं. खिडकीकडे तोंड केलं की कोणी विचारत नाही, आणि दारात पोचेपर्यंत निम्मा भार उतरलेला असतो. एक रात्र राहायचंच. तासाभराने उठलात तर तुम्ही पाहुण्या, आणि वहिनी बिचारी सरबत करत बसते.

दुपारी चारला आईचा फोन यायचा, "च्या घेतलीस गो?" ती वेळ रिकामी ठेवू नका. मी बाबांना फोन लावते. ते दोन वाक्यांत फोन ठेवतात, पण आता तीन वाजल्यापासून मोबाइल शेजारी घेऊन बसतात असं वहिनी सांगते. आईचा नंबर मात्र चालू ठेवा. गॅसचं बुकिंग, विजेचं बिल त्यावरच असतं. ते बाबांच्या किंवा भावाच्या नंबरावर जाईपर्यंत रिचार्ज मारत राहा. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्या कुणाला देते. सवयीने लावलेला फोन परक्या माणसाने उचललेला ऐकायचा नसेल तर हे कराच. तिचे व्हॉइस मेसेज असतील तर चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.

कागदांचं थोडक्यात सांगते. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत पंचायतीत किंवा पालिकेत व्हावी लागते. दाखल्याच्या प्रती जास्तच काढा. बँक, विमा, रेशनकार्ड, सगळीकडे लागतात. मालमत्तेची घाई मात्र नको. गोव्यात नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात (लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर). त्यामुळे अर्धा वाटा बाबांचाच, आणि मृत्युपत्र नसेल तर आईच्या अर्ध्यात मुलगे-मुली सारखे वारस. हे ठाऊक असूनही बाराव्याला जेवायला आलेला एखादा काका म्हणतोच, "सही करून टाक, परत परत कशाला येतेस?" नाव सोडायचं असेल तर खुशाल सोडा, पण दुःखात नाही. वर्ष जाऊ दे म्हणावं. तशीही त्या कागदावर जावयाची सही लागते, तेव्हा घरी विचारून सांगते म्हटलं की काका गप्प.

आता कपाट. लवकर रिकामं करू नका, तसंच बंदही ठेवू नका. आपल्याकडचा पाऊस कुणाच्या भावना बघत नाही. जून-जुलैत बंद कपाटातल्या साड्यांना ओल लागते, घड्यांवर पांढरी बुरशी धरते आणि ज्या वासासाठी तुम्ही ते राखून ठेवलं तो वास पहिला जातो. उघडीप मिळाली की दारं उघडी टाका, साड्या पलंगावर पसरा, सुती तेवढ्या उन्हात घाला, घड्या बदला, पुन्हा ठेवा. काही द्यायचं नाही, काही ठरवायचं नाही. आईची एक पोपटी साडी आहे. तिच्या निरीवर हळदीचा डाग आहे, तीन बोटं उमटलेली. मी ती धुवायला देत नाही. पुढे वाटप करायचं ठरलं की पहिली साडी वहिनीला निवडू द्या. आजारपणात उठबस तिने केलीय.

लोणच्याचं उलट. मिसकुटाची बरणी आठवण म्हणून ठेवू नका, खाऊन संपवा. ओला चमचा एकदा गेला की सगळंच टाकावं लागतं, आणि आईच्या हातचं टाकताना जे होतं ते खाऊन संपताना होत नाही. पदार्थ लिहून घ्यायचे असतील तर मावशीला, शेजारणीला बसवून विचारा. पातोळ्यांना आई गूळ किती घालायची हे मला शेजारच्या काकूने सांगितलं. आईचं माप करवंटीचं होतं, आणि ती करवंटी अजून तांदळाच्या डब्यात होती.

सणांना पहिलं वर्ष जड जातं. कुणी चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची) बांधतं, कुणी नाही; घरची रीत विचारा, वाद घालू नका. आई सवाष्ण गेली असेल तर पितृपक्षातली अविधवा नवमी तिची. त्या दिवशी माहेरी जाता येईल अशी रजा आधीच टाका.

"सुटली बिचारी" म्हणणाऱ्यांना उत्तर देऊ नका, पाणी आणायला आत जा.

झोप, भूक, कामावरचं लक्ष आठवडेच्या आठवडे जागेवर येत नसेल, जगायचंच कशाला असं वाटू लागलं असेल, तर सहा महिने वाट बघायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या रोगयादीत सहा महिन्यांहून जास्त काळ माणसाला जखडून ठेवणाऱ्या शोकाची वेगळी नोंद आहे. मदत मागायला तितकं थांबायचं, असा त्याचा अर्थ नव्हे. टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्रीही लागतो आणि बोलायला पैसे पडत नाहीत. बांबोळीला मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे. बाबांकडेही याच नजरेने बघा. पुरुष रडत नाहीत, जेवण कमी करतात. आमच्या बाबांची बीपीची गोळी आई ताटाशेजारी ठेवायची, ती कुठल्या डब्यात असते हेच त्यांना माहीत नव्हतं. वारांची नावं असलेली डबी फार्मसीत मिळते. गेलात की ती आठवड्याची भरून या आणि भरताना त्यांना शेजारी बसवा.