यहुदियाची (ज्यूंच्या प्राचीन प्रदेशाची) जुनी नाणी वाचताना या चुका टाळा

उत्खननात फरशीवर नाणं सापडलं की फरशीलाही त्याच नाण्याचं वय चिकटवायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हस्मोनी या ज्यू राजघराण्यातला राजा अलेक्झांडर यन्नाय (इ.स.पू. 103–76) याचे बारके प्रुताह, म्हणजे काशाची छोटी नाणी, घ्या: एका बाजूला जहाजाचा नांगर, दुसऱ्या बाजूला तारा. उशिराचे हलके प्रुताह तर एक ग्रॅमही भरत नाहीत. ही चिल्लर इतकी पाडली गेली, की रोमन अमलात, इ.स.च्या पहिल्या शतकातही ती बाजारात फिरत होती. त्यामुळे नाणं एवढंच सांगतं, की तो थर त्याच्याआधीचा नाही. किती नंतरचा, ते त्याच थरातली सर्वांत उशिराची नाणी आणि खापरं ठरवतात. शिवराई मिळाली म्हणून वाडा शिवकाळातला ठरत नाही, तसंच.

या नाण्यांच्या कडेला समोरासमोर दोन खुंट दिसतात. ते तुटल्याचे नव्हेत. चकत्या दगडी साच्यात माळेसारख्या ओतून मग छिन्नीने तोडत. खुंट म्हणजे मधली नळी. घासू नका.

लिपीवरून काळ ठरवणंही फसवं. जुनी हिब्रू लिपी रोजच्या वापरातून गेल्यावरही रोमविरुद्ध उठलेले ज्यू बंडखोर ती मुद्दाम नाण्यांवर कोरत. इ.स. 66–70च्या बंडातले ‘इस्राएलचा शेकेल’ लिहिलेले चांदीचे शेकेल अभ्यासकांनी बराच काळ हस्मोनी घराण्याच्या सुरुवातीच्या शिमोन मक्काबीच्या नावावर, म्हणजे दोनशे वर्षं मागे ढकलले होते! त्यांच्यावरच्या पेल्याच्या डोक्यावर शीन-बेथ ही हिब्रू अक्षरं दिसली, तर शीनचे 300 धरू नका (हिब्रू अक्षरं आकडे म्हणूनही वापरतात, बेथ म्हणजे 2). शीन म्हणजे ‘वर्ष’ या शब्दाचं आद्याक्षर. वाचायचं ‘वर्ष 2’.

यहुदियाचा रोमन सुभेदार पिलात याच्या प्रुताहवर पिलाताचं नावच नाही. आहे ते सम्राट तिबेरियसचं, ग्रीकमध्ये. तारखेआधीची इंग्रजी एलसारखी खूण ‘वर्ष’ सांगते. पुढची ग्रीक अक्षरं आकडे आहेत: आयोटा 10, झीटा 7. झीटा वर्णमालेत सहावा म्हणून 6 मोजला की गणित चुकलंच. तिबेरियसचं पहिलं वर्ष इ.स. 14 पासून, म्हणून 17वं वर्ष इ.स. 30/31.

रोमविरुद्धच्या पुढच्या ज्यू बंडाचा नेता बार कोखबा याच्या (इ.स. 132–135) नाण्यावर दोन चित्रं एकमेकांत घुसलेली दिसली, की बनावट म्हणून बाजूला टाकतात. त्याची सगळी नाणी चलनातल्या नाण्यांवरच पुन्हा ठोकलेली. तिरक्या उजेडात फिरवून पाहा: द्राक्षघोसाखालून रोमन सम्राट ट्राजनच्या नावाची अक्षरं डोकावतात.